पद्मिनीचा धूर घरी मोजला, आणि आधी फसलो

ज्यांनी हा एपिसोड ऐकलाय त्यांना पहिल्या दोन मिनिटांत मागे धडधड ऐकू आली असेल. बऱ्याच जणांनी विचारलं, माइक खराब आहे का? नाही हो. ती आमची प्रीमियर पद्मिनी आहे, १९९०ची, आणि मी तिच्या सायलेन्सरशेजारी उकिडवा बसून रेकॉर्ड करत होतो. खाली त्याच एपिसोडचं लेखी रूप आहे. माझे निम्मे ‘म्हणजे’ आणि सगळे ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर आधी गाव सांगतो. अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. सोलापूरहून हैदराबादकडे निघालात की नळदुर्गानंतर लगेच लागतं. खंडोबाचं गाव. आमचा देव वर्षातले काही महिने इथे आणि काही महिने नळदुर्गाजवळ मैलारपूरला मुक्कामाला असतो, त्यामुळे आमच्या पद्मिनीची निम्मी हयात त्याच रस्त्यावर गेलीय. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला ‘फियाट’च म्हणतात. चूक नाही ते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११००चंच पुढे पद्मिनी असं नाव केलं. आणि ही कंपनी १९४४मध्ये काढली ती वालचंद हिराचंद यांनी, जे मूळचे सोलापूरचे. सोलापूरच्या माणसासमोर हे सांगितलं की तो चहा पाजतो, अनुभव आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, बॅकएंडचं काम करतो. आठवड्यातले काही दिवस घरून काम चालतं, म्हणून महिन्यातून एकदा गावी येऊन बसतो. ऑगस्ट २०२५मध्ये असाच आलो, तर अंगणात अण्णा आणि एक भंगारवाला बोलत उभे. सप्टेंबरमध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन संपत होतं. पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी गाडी आरटीओला दाखवावी लागते, आणि सोबत पीयूसी लागतं. पीयूसीत गाडी नापास झाली होती. अण्णांनी खिशातून कागद काढून दिला.

कागदावर सीओ ५.९ टक्के. मर्यादा ३.०. हायड्रोकार्बन १८४० पीपीएम. मर्यादा १५००.

“इंजिन संपलंय म्हणाला तो पोरगा,” अण्णा म्हणाले. “आता कशाला जीव काढायचा तिचा. देऊन टाकू.”

मी म्हटलं, अण्णा, एक महिना द्या. ते म्हणाले, “तुला काय कळतंय रे त्यातलं?” बरोबर होतं त्यांचं. काही कळत नव्हतं. पण त्या कागदावर आकडे होते, आणि आकडे दिसले की माझ्यासारख्या माणसाला उगाच धीर येतो.

आधी हे आकडे काय सांगतात ते बघू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल त्यापेक्षा जास्त पडलं, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत मिक्श्चर ‘रिच’ झालं, की सगळ्या कार्बनला पुरेल एवढा ऑक्सिजन उरत नाही. मग कार्बन डायऑक्साइड व्हायच्या ऐवजी अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. तोच सीओ. म्हणजे सीओचा आकडा हा मुख्यतः पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणाचा आकडा आहे. हायड्रोकार्बन वेगळी गोष्ट सांगतो. ते न जळताच बाहेर पडलेलं पेट्रोल. ठिणगी चुकली, प्लग खराब, पॉइंट खराब, तर तो वाढतो. मिक्श्चर फार ‘लीन’ झालं, म्हणजे पेट्रोल फारच कमी पडलं, तरी इंजिन मध्येच ठेचकाळतं आणि तो वाढतोच. दोन आकडे, दोन वेगळे आजार. “इंजिन संपलंय” असं त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मर्यादांबद्दल एक गैरसमज आहे म्हणून सांगतो. जुन्या गाडीला आजच्या गाडीचा नियम लागत नाही. भारत स्टेज २च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम चालतं. स्टेज ४ची गाडी असेल तर तिला सीओ ०.३ टक्क्याच्या आत राहावं लागतं. दहापट फरक. त्यामुळे पद्मिनीला नव्या गाडीसारखं ‘झिरो’वर आणायचा हट्ट करू नका. तिथे ती चालणारच नाही.

आता मीटर. पीयूसी सेंटरमधलं मशीन धुरातून इन्फ्रारेड किरण सोडतं. सीओचा रेणू त्यातली ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो, किती शोषली त्यावरून टक्केवारी. हे मशीन महाग असतं. तुम्ही म्हणाल, मग सेंटरवरच जा की, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. पास व्हायला होतं. पण कार्बोरेटर जुळवायचा म्हणजे स्क्रू पाव फेरी फिरवा, थांबा, मोजा, परत फिरवा. दोन दिवसांत मी चाळीसेक वेळा मोजलं असेल. हायवेवरचा कोणता सेंटरवाला एवढा वेळ देईल?

माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे जुन्या गाड्यांचे हौशी लोक घरी वापरायचा छोटा गॅस टेस्टर ठेवतात. एक डबा, एक नळी, बॅटरीला लावायच्या दोन चिमट्यांच्या वायरी. सुट्टीवर येताना त्याने तसला एक सेकंडहँड आणून दिला. सोबतच्या कागदावर पहिली सूचना होती: मोकळ्या हवेत ठेवा, गरम होऊ द्या, आणि आकडा २.० वर आणा.

इथे मी अडखळलो. मोकळ्या हवेत दोन टक्के सीओ? दोन टक्के म्हणजे २०,००० पीपीएम. एवढ्या हवेत माणूस काही मिनिटांत मरेल. मग हवेत शून्य का नाही?

हा या एपिसोडचा सगळ्यात मजेशीर भाग आहे, म्हणून जरा थांबून ऐका. हा डबा सीओ मोजतच नाही.

आत एक बारीक तापलेली तार असते. तिच्याभोवती जो वायू असेल तो तिची उष्णता ओढून नेतो. जास्त ओढली की तार थंड होते, तिचा विद्युत-रोध बदलतो, तो बदल आकड्यात दाखवायचा. बस, एवढंच यंत्र. आता गंमत बघा. सीओ उष्णता ओढण्यात जवळपास हवेसारखाच आहे. म्हणजे हवेच्या जागी सीओ आला तरी त्या तारेला फारसं काही कळत नाही! तिला कळतात दुसरे दोघं. कार्बन डायऑक्साइड उष्णता हवेच्या दोन-तृतीयांशाहून कमी ओढतो. आणि हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट. मिक्श्चर रिच झालं की धुरात सीओबरोबर थोडा हायड्रोजनही तयार होतो, दोघं जोडीने वाढतात. म्हणून तार थंड झाली की डबा म्हणतो, हायड्रोजन वाढलाय, म्हणजे सीओही वाढला असणार. मिक्श्चर नीट जळत असेल तर कार्बन डायऑक्साइड भरपूर, तार गरम राहते, डबा म्हणतो सीओ कमी. आणि मध्ये कुठेतरी दोघांचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो, आणि तो धूर त्या तारेला साध्या हवेसारखाच वाटतो. माझ्या डब्यात ती जागा दोन टक्क्यांच्या आसपास धरलेली. म्हणून हवेत २.०.

आमच्या कामात याला प्रॉक्सी मेट्रिक म्हणतात. जे हवंय ते मोजता येत नाही म्हणून त्याच्यासोबत हलणारं दुसरं काहीतरी मोजायचं. स्वस्त पडतं, बऱ्याचदा चालतंही. कुठे फसतं ते माहीत असायला हवं. मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी अंगणात काढली. डबा दोनवर आणला, नळी सायलेन्सरमध्ये घातली, इंजिन चालू. आकडा ६.३. वा! पीयूसीच्या कागदाच्या जवळ. कार्बोरेटरच्या बुडाशी मिक्श्चरचा स्क्रू असतो, आत फिरवला की आयडलिंगचं पेट्रोल कमी. पाव फेरी आत. दोन मिनिटं थांबलो. ५.२. अजून पाव फेरी. ३.८. मग हात न लावताच ३.० झालं, २.५ झालं, आणि २.१ वर येऊन थांबलं. दहा मिनिटं तिथेच, दगडासारखं. मी अण्णांना हाक मारली. आईलाही. आईने चहा टाकला.

सोमवारी हायवेवरच्या दुसऱ्या एका सेंटरवर गेलो. सीओ ५.१. नापास.

तिथला माणूस माझा चेहरा बघून म्हणाला, “साहेब, टेन्शन घेऊ नका. नळी जरा बाहेर धरून काढतो की. दोन मिनिटांचं काम.” खरं सांगतो, मी विचार केला. अण्णा गाडीतच बसले होते. त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, “नको. तसंच करायचं असतं तर पहिल्याच दिवशी केलं असतं.” परत येताना ते काही बोलले नाहीत. मीही नाही.

घरी येऊन नळी हातात घेतली तेव्हा कळलं. ती मध्ये लोंबत होती आणि त्या झोळीत पाणी साचलं होतं. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होतेच, ती थंड नळीत आली की पाणी. थेंब थेंब साचून नळी बंद झाली. माझ्या डब्याला पंप नव्हता, सायलेन्सरच्या दाबानेच धूर वर यायचा. तो यायचा थांबला आणि डब्यात हळूहळू साधी हवा भरली. साध्या हवेचा आकडा किती? दोन. म्हणजे मी स्क्रू फिरवत होतो तेव्हा आकडा माझ्यामुळे उतरत नव्हता, पाणी साचत होतं म्हणून उतरत होता. सेंटरवाला जाणूनबुजून नळी बाहेर धरणार होता, मी न कळत तेच केलं होतं. फरक एवढाच की त्याला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नळदुर्गाच्या चाचांना बोलावलं. मी चौथीत असल्यापासून हेच या गाडीचे मिस्त्री. डबा बघून म्हणाले, “हे काय बीपीचं मशीन आणलंस व्हय?” मग जुनं फडकं घेतलं, चालू इंजिनच्या सायलेन्सरचं तोंड दाबून धरलं आणि कान दिला. खालून फस्स फस्स आवाज. इंजिनजवळचा सायलेन्सरचा जॉइंट फुटला होता. तिथून धूर बाहेर जातो हे ठीक, पण दोन ठोक्यांच्या मध्ये हवा आतही ओढली जाते. म्हणजे शेपटाशी मोजलेला धूर आधीच पातळ झालेला. “आधी फुटलेलं बंद कर, मग मोज काय मोजायचंय ते,” चाचा म्हणाले. पीयूसीच्या मशीनवर याची एक खूण दिसते, तिथे कार्बन डायऑक्साइडचाही आकडा असेल तर बघा. चार स्ट्रोक इंजिनात सीओ आणि सीओटू मिळून साधारण पंधरा टक्के यायला हवेत. बेरीज फार कमी आली तर कुठूनतरी हवा शिरतेय, आणि सीओचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतोय. माझ्या डब्यात ही सोय नाही.

जॉइंट बांधला. मग चाचांनी मला स्क्रूला हातच लावू दिला नाही. आधी एअर फिल्टर, तो तर शेणाच्या गोवरीसारखा झाला होता. मग टॅपेट. मग पॉइंट, त्यांची फट जवळजवळ मिटली होती, फीलर गेज लावून परत केली. हायड्रोकार्बन १८४० का होता त्याचं उत्तर बहुतेक तिथेच होतं, आणि माझ्या डब्याला ते जन्मात दिसलं नसतं. मग कार्बोरेटर उघडला. निडल व्हॉल्व्ह झिजलेला, फ्लोटच्या वाटीत पेट्रोल पातळीच्या वर चढलेलं. ५.९चं कारण हे. मिक्श्चर स्क्रू कितीही आत पिळला असता तरी ते बरं होणार नव्हतं. सोलापूरहून नवा व्हॉल्व्ह आला, बसवला.

आणि गाडी आयडलिंगला उभीच राहीना. थरथर, बंद. थरथर, बंद.

थोडं मागे जाऊ. मी रविवारी स्क्रू आत फिरवून ठेवला होता. वर आता पंपावर मिळतं ते इ-२०, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. आमच्याच भागातल्या उसातून निघालेलं असेल कदाचित. इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. १४.७च्या जागी साधारण साडेतेरा. नव्या गाडीत सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. पद्मिनीत कोण सांगणार? जेटचं भोक तेवढंच. तेच भोक, तेवढंच इंधन, पण हवा आता आठेक टक्के जास्त ठरते. जुन्या गाड्या इ-२०वर लीन होतात म्हणतात ते यामुळे. (जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदाही बदलून घ्या, इथेनॉल त्यांना खातं. आम्ही बदलले.) एवढे दिवस झिजलेल्या व्हॉल्व्हने जास्तीचं पेट्रोल घालून हे झाकून ठेवलं होतं.

तर मी डबा लावला. या वेळी नळी सायलेन्सरपासून वर चढती, कुठेही झोळी नाही. आकडा १.२. चाचा चहाला गेले होते. मी म्हटलं, बघू तरी, आणि स्क्रू अजून थोडा आत फिरवला. पेट्रोल कमी केलं, तर आकडा वाढला! १.५. आणखी आत, १.७. पाणी? नळी काढून फुंकली, कोरडी. मग वरची तार आठवली. मिक्श्चर नीट असतं तेव्हा धुरात कार्बन डायऑक्साइड सगळ्यात जास्त, तेव्हा आकडा सगळ्यात खाली. त्याच्याही पुढे लीन गेलात की न वापरलेली हवा धुरात यायला लागते, धूर परत हवेसारखा होतो, आणि आकडा परत दोनकडे चढतो. म्हणजे १.५ हा आकडा दोन ठिकाणी येतो, थोडं रिच असताना आणि फार लीन असताना. एकाच आकड्याची दोन उत्तरं, आणि डबा काही सांगत नाही तुम्ही कुठल्या बाजूला आहात.

यावर उपाय सोपा निघाला. आकड्यावर नाही, आकड्याच्या चालीवर विश्वास ठेवायचा. स्क्रू अर्धी फेरी बाहेर काढा, म्हणजे मुद्दाम रिच करा. आकडा चढला तर तुम्ही रिच बाजूला आहात. आधी उतरून मग चढला तर तुम्ही लीन होतात. हललाच नाही तर नळीत पाणी आहे किंवा पाइप फुटलाय, तुम्ही अणदूरची हवा मोजताय. कोड लिहिताना आम्ही टेस्ट आधी नापास करून बघतो, कारण जी टेस्ट कधी नापासच होत नाही ती काही तपासत नसते. तेच हे.

मग मी असं केलं. गाडी नळदुर्गापर्यंत चालवून आणली, इंजिन पूर्ण गरम. चोक पूर्ण बंद आहे ना बघितलं. गाडी अंगणात, तोंड वाऱ्याकडे. डबा दहा मिनिटं तापू दिला, गाडीपासून लांब नेऊन दोनवर आणला. नळी सायलेन्सरमध्ये हातभर आत, कारण तोंडाशी हवा मिसळते. स्क्रू पाव पाव फेरी, प्रत्येक वेळी एकदा रेस देऊन साचलेलं उडवायचं, मग दीड-दोन मिनिटं थांबायचं. आयडलिंग चढलं तर दुसऱ्या स्क्रूने खाली आणायचं. स्क्रू बाहेर काढत गेलो तसं आकडा १.७ वरून १.१ झाला, मग १.६, मग २.४, मग ३.५. चाचा परत आले होते, ते डब्याकडे बघत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. २.४ आणि ३.५च्या मध्ये म्हणाले, “मागं घे थोडं. हां. तिथंच.” डब्यावर २.५ होतं. मला जरा रागच आला खरं तर.

आता एक गोष्ट गंभीरपणे. यातलं काहीही शेडमध्ये करू नका. पहिल्या रविवारी पाऊस आला म्हणून मी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये घेतली, दार अर्धं उघडं होतं, म्हटलं चालतंय. वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. उपाशी आहे म्हणून असेल असं वाटलं. आईने हात धरून बाहेर आणून बसवलं. सीओला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. पीयूसीची ३ टक्के मर्यादा म्हणजे ३०,००० पीपीएम. १२०० पीपीएमलाच जिवाला तातडीचा धोका मानतात. बंद जागेत ‘पास’ झालेली गाडीही माणूस मारू शकते. आणि एका श्रोत्याने विचारलं होतं, घरात लावायचा सीओ अलार्म सायलेन्सरला धरला तर? तो काही शे पीपीएमसाठी बनवलेला असतो, खराब होईल. तो तुमच्यासाठी शेडच्या भिंतीवर लावा.

गुरुवारी तिसऱ्यांदा पीयूसीला गेलो, पहिल्या सेंटरवर, त्याच पोराकडे. सीओ २.३, हायड्रोकार्बन ६९०. त्याने नळी काढून परत घातली, परत मोजलं. २.२. “इंजिन केलं का?” म्हणाला. अण्णा म्हणाले, “नाही. पाइप आणि व्हॉल्व्ह.” एवढंच. पण कागद त्यांनी मला दिला नाही, स्वतःच्या खिशात ठेवला.

नूतनीकरण झालं, पुढची पाच वर्षं मिळाली. काही जण विचारतात की व्हिंटेजमध्ये का नाही टाकत? २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात, म्हणजे आमचा नंबर २०४०मध्ये. आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. अण्णांना ते पटणार नाही, त्यांना तिच्यातून नळदुर्गाला बाजाराला जायचंय. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३अखेर रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे सुटे भाग मिळणं आता अवघड होत जाणार असं चाचा म्हणतात. म्हणून दुसरा एक निडल व्हॉल्व्ह घेऊन ठेवलाय, डब्याशेजारीच, कपाटात.

भंगारवाला परवा परत आला होता. अण्णांनी त्याला जुना सायलेन्सरचा तुकडा दिला.